हमी मद्यार्काला, मका मात्र वाऱ्यावर

वसमतहून कुरुंद्याला रोज दुचाकीने जाणारा एखादा शिक्षक पंपावर एक लिटर पेट्रोल घेतो, तेव्हा त्याचा सुमारे पाचवा हिस्सा इथेनॉलचा, म्हणजे मद्यार्काचा असतो. हा मद्यार्क मक्यापासून गाळलेला असेल, तर त्या एका लिटरपायी सुमारे अर्धा किलो मका खर्ची पडलेला असतो. एक टन मक्यापासून साधारणपणे ३८० लिटर इथेनॉल मिळते. त्यावरून हा हिशेब कोणीही वहीच्या कोपऱ्यात करून पाहावा. धान्य जाळून मोटारी चालविणे ही एकेकाळी अमेरिकेसारख्या सुबत्तेच्या देशाची चैन म्हणून आपल्याकडे सांगितली जात असे. ती आता हिंगोली जिल्ह्याच्या रस्त्यांवर आली आहे, आणि ती आणताना शेतकरी अन्नदात्याबरोबर ऊर्जादाताही होईल, असे आश्वासन देण्यात आले होते. त्या आश्वासनापैकी कोणाच्या पदरात किती पडले, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना मुळीच नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ साली, केंद्राने 'पॉवर अल्कोहोल'विषयीचा कायदा केला होता. तो पुढे धूळ खात पडला आणि २००० साली रद्दही झाला. लगेच दुसऱ्या वर्षी, २००१ मध्ये, मिश्रणाचे नवे प्रयोग सुरू झाले. त्यांपैकी दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती, मिरज आणि मनमाड. २००३ च्या जानेवारीपासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा आदेश निघाला. त्या काळी इथेनॉल म्हणजे साखर कारखान्यातल्या मळीचे इथेनॉल. मळी हे कोणाचे अन्न नव्हते. उलट ती कोठे ठेवावी ही कारखान्यांची डोकेदुखी होती. साहजिकच या कार्यक्रमाला कोणी फारसा विरोध केला नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठेवले होते. २०२१ मध्ये ते पाच वर्षे अलीकडे ओढण्यात आले, २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचाही. इतक्या घाईने धावणाऱ्या कार्यक्रमाला मळी पुरणे शक्यच नव्हते.

मक्याचा प्रवेश झाला तो या घाईतून, आणि २०२३ च्या अवर्षणातून. त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. जुलैत अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ देणे थांबविले होते. डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली आणि काही दिवसांतच ती सैल केली. कर्जे काढून आसवन्या उभारलेल्या सहकारी कारखान्यांची त्या आठवड्यात जी धांदल उडाली, ती साखरपट्ट्यात अजून विसरली गेलेली नाही. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी मक्याच्या इथेनॉलला २०२४ च्या जानेवारीत लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे असा भाव देण्यात आला. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा भाव ६५ रुपये ६१ पैसे होता, हे लक्षात घेतले म्हणजे पारडे कोणीकडे झुकविले गेले हे कळते. परिणाम तत्काळ दिसला. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मक्यापासून सुमारे २८६ कोटी लिटर इथेनॉल तयार झाले. वरच्याच हिशेबाने ते सुमारे ७५ लाख टन मक्याचे होते. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी जे वाटप केले त्यात मक्याचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक होता. ऊस मागे पडला आणि मका पुढे आला.

या विषयावरील वाद परदेशात जुना आहे. अमेरिकेत २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी मिश्रण सक्तीचे झाले आणि तेथील मक्याच्या पिकाचा तिसऱ्या हिश्शाहूनही मोठा भाग इथेनॉलकडे वळला. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोत मक्याच्या भाकरी महागल्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाचे अन्नहक्कविषयक प्रतिनिधी जाँ झिग्लर यांनी धान्याचे इंधन करणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे म्हटले. मक्याच्या इथेनॉलमध्ये जितकी ऊर्जा मिळते त्याहून अधिक ती बनविण्यात खर्च होते, असे कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटेल आयुष्यभर सांगत राहिले, आणि तेथील कृषिखाते आकडे पुढे करून ते खोडीत राहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या टायलर लार्क व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने तर, नांगराखाली आलेली नवी जमीन आणि वाढलेली खते धरली, तर अमेरिकन मक्याचे इथेनॉल हवेच्या दृष्टीने पेट्रोलहून चांगले नाही, कदाचित वाईटच आहे, असा निष्कर्ष काढला. म्हणजे पर्यावरणाचा जो मुलामा या धोरणाला दिला जातो, तो निदान मक्याच्या बाबतीत पातळ आहे.

परंतु भुकेचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलून मराठवाड्यावर लावणे बरोबर होणार नाही. आपल्याकडे मका हे मुख्यतः माणसाच्या ताटातले धान्य नव्हे. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. अन्नाचाच प्रश्न उपस्थित करायचा, तर तो तांदळाबाबत अधिक तीव्रतेने करावा लागेल. कारण अन्न महामंडळाच्या कोठारातील लाखो टन तांदूळ २०२५ मध्ये किलोला साडेबावीस रुपये या भावाने, म्हणजे सरकारला पडलेल्या खर्चाहून पुष्कळ खाली, आसवन्यांना देण्यात आला. स्वस्त धान्य दुकानासमोर अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे कसे समजावून सांगणार, हे ज्याचे त्याने ठरवावे. परकीय चलनाचा मुद्दाही उडवून लावण्यासारखा नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, आणि मिश्रणामुळे २०१४ पासून १ लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचल्याचा सरकारचा दावा आहे. तो मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. हा पैसा गावात पोचला काय?

कुरुंदा हे गाव या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सोयीचे आहे. वसमत तालुक्यातील या गावी टोकाईच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तालुक्याच्या गावी पूर्णा कारखाना आहे. येलदरी आणि सिद्धेश्वरच्या पाण्यावर या भागात ऊस आला. हळदीने तालुक्याला वेगळे नाव मिळवून दिले, २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पाऊस पाहून पेरणाऱ्या सामान्य शेतकऱ्याचे रोख पैशाचे पीक म्हणजे सोयाबीन. मुलांची फी, दुकानदाराची उधारी, बँकेचा हप्ता आणि दिवाळी, हे सारे या एका पिकावर अवलंबून असते. मक्याच्या इथेनॉलचा या सोयाबीनशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

सोयाबीन ही तेलबिया म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्यात तेल १८ टक्क्यांच्या आसपासच निघते. बाकीची बहुतेक पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव ठरतो तो मोठ्या प्रमाणावर पेंडीच्या भावावर, आणि पेंडीचा मोठा गिऱ्हाईक कुक्कुटपालनाचा धंदा. आता मका आंबवून त्यातून मद्यार्क काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, ज्याला व्यापारात 'डीडीजीएस' म्हणतात, तो टनामागे सुमारे ३०० किलो निघतो. आसवनीला तो ठेवून घेता येत नाही. येईल त्या भावाने खपवावा लागतो. कोंबड्यांच्या खाद्यात हा चोथा सोयापेंडीची जागा काही प्रमाणात घेतो, आणि तो पेंडीहून स्वस्त असतो. ७५ लाख टन मक्यातून या हिशेबाने २० लाख टनांहून अधिक चोथा बाजारात आला असेल. पेंडीची मागणी त्यामुळे घटली, अशी तक्रार सोयाबीन प्रक्रिया उद्योगाने वारंवार केली. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि मराठवाड्याच्या मोंढ्यांत ते चार ते सव्वाचार हजारांच्या आसपास विकले जात होते. शासकीय खरेदी केंद्रांवर १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल परत केला जाई. ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय नोव्हेंबरच्या मध्यावर झाला. तोवर ज्यांना दिवाळी करायची होती त्यांनी माल विकून टाकला होता.

या घसरणीचे सारे खापर मक्याच्या चोथ्यावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्राझीलमधील भरघोस पीक, जगातील पेंडीची विपुलता आणि पामतेलाची आपली वर्षानुवर्षांची आयात ही कारणेही तितकीच मोठी आहेत. मुद्दा वेगळा आहे. एका पिकाला उत्तेजन देताना दुसऱ्या पिकाचे काय होईल, याचा विचार करण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. इंधनाचे धोरण पेट्रोलियम खाते ठरविते, साखर आणि तांदूळ अन्न खात्याकडे, हमीभाव कृषिखात्याकडे आणि आयात वाणिज्य खात्याकडे. कुरुंद्याच्या शेतकऱ्याच्या बांधावर मात्र ही चारही खाती एकाच दिवशी येऊन बसतात.

बरे, सोयाबीन सोडून मका पेरणाऱ्याचे तरी भले झाले, असे दिसते काय? लष्करी अळी २०१८ साली देशात आली तेव्हापासून मका हे बिनधोक पीक राहिलेले नाही. औषधफवारणीचा खर्च वाढला आहे. तरीही इथेनॉलच्या मागणीने पहिली दोन वर्षे मक्याला चांगला भाव मिळाला, हे नाकारता येत नाही. भाव इतका चढला की, ज्या देशातून लाखो टन मका निर्यात होत असे त्याने २०२४ मध्ये म्यानमारमधून मका आणला. शेतकऱ्यांनी पेरा वाढविला. आणि २०२५ च्या हंगामात, हमीभाव २४०० रुपये जाहीर झालेला असताना, मका बाजारात त्याहून शेकडो रुपयांनी खाली आला. कर्नाटकात हावेरी, गदग या भागांत शेतकरी रस्त्यावर बसले. महाराष्ट्रातील मका उत्पादकाची अवस्थाही निराळी नव्हती. याच हंगामात इथेनॉलचा लिटरचा भाव मात्र ७१ रुपये ८६ पैसेच होता. त्यातला एक पैसाही कमी झाला नाही.

येथे या धोरणाचे खरे स्वरूप उघडे पडते. सरकारने भावाची हमी दिली ती मद्यार्काला. किती लिटर घेणार, काय भावाने घेणार, हे आसवनीला आधी ठाऊक असते; त्या करारावर बँक तिला कर्ज देते आणि केंद्र त्या कर्जाच्या व्याजात सवलत देते. ज्या मक्यावर हा सारा डोलारा उभा आहे, त्याला मात्र कागदावरच्या हमीभावाखेरीज काही नाही. हमी आसवनीच्या दारापर्यंत येते आणि तेथेच थांबते. दाराबाहेर ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूस त्या दिवशीच्या बाजाराच्या हवाली असतो.

उसाची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी का आहे याचा विचार व्हायला हवा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्याला उसाचा किमान दर देणे आणि तोही १४ दिवसांत देणे बंधनकारक आहे. कारखानदार हा कायदा पुष्कळदा मोडतात, थकबाक्या राहतात, साखर आयुक्तांना जप्तीच्या नोटिसा काढाव्या लागतात. परंतु मोडण्यासाठी का होईना, एक कायदा आहे; शेतकऱ्याला बोट ठेवायला एक कलम आहे. साखरेचा किमान विक्रीदर २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये ठरला आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिला, तर उसाचा दर २०२५-२६ पर्यंत क्विंटलला ३५५ रुपयांवर गेला. या ओढाताणीत कारखान्यांना तगवून धरले ते इथेनॉलच्या पैशाने. म्हणून ऊस उत्पादक इथेनॉलच्या बाजूने बोलतो, यात नवल नाही. त्याच्या उसाच्या दराला आणि कारखान्याच्या उत्पन्नाला जोडणारा एक धागा आहे. मक्याच्या बाबतीत तो धागाच नाही.

तरीही मराठवाड्यात पुन्हा उसाकडेच वळावे, असे कोणी सुचवू नये. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागते, असे म्हटले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि ती गाडी निघत असे मिरजेहून. ज्या मिरजेत २००१ साली पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळून पाहिला गेला, त्याच मिरजेहून पंधरा वर्षांनी मराठवाड्याला पिण्याचे पाणी गेले. पाण्याच्या दृष्टीने मका उसाहून कितीतरी परवडतो. म्हणूनच मक्याचे धोरण नीट बसविणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला तर या बाबतीत एक जुना अनुभवही आहे. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याची योजना आणली. तेव्हाही नाव घेतले होते ते ज्वारी उत्पादक कोरडवाहू शेतकऱ्याचे. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी तिला कडाडून विरोध केला. परवाने कोणाकोणाच्या घरात गेले, याची चर्चाही वृत्तपत्रांतून पुरेशी झाली. ज्वारीच्या भावाचे काय झाले, हे मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. त्या योजनेत अनुदान लिटरवर मोजले जात होते, क्विंटलवर नव्हे. आजही भाव लिटरलाच बांधलेला आहे.

आसवनीवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एक टन मक्याच्या ३८० लिटर इथेनॉलचे ७१ रुपये ८६ पैशांच्या भावाने सुमारे २७,३०० रुपये होतात. २४०० रुपये क्विंटलच्या हमीभावाने त्याच मक्याचे २४,००० रुपये द्यावे लागतात. उरलेल्या ३३०० रुपयांत आणि चोथ्याच्या विक्रीत कोळसा, वीज, मजुरी, व्याज सारे भागवायचे, म्हणजे फार हात सैल सोडता येत नाही, हे खरे. पण मग याचा अर्थ एवढाच होतो की, हमीभावाने मका घेऊन हा धंदा जेमतेम चालतो आणि त्याहून स्वस्त घेतला तरच बरकतीस येतो. जो व्यवहार शेतकऱ्याला हमीभाव नाकारला तरच बाळसे धरतो, त्याला शेतकऱ्यांच्या नावाने चालविणे योग्य नव्हे. पंपावरच्या गिऱ्हाइकाच्या वाट्यालाही स्वस्ताई आलेली नाही. नीती आयोगाच्याच अहवालाप्रमाणे जुन्या रचनेच्या चारचाकीचे प्रतिलिटर अंतर २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकीचे ३ ते ४ टक्क्यांनी घटते. पेट्रोलचा दर तेवढ्याने उतरल्याचे कोणी पाहिले नाही.

दुसरा धोका समुद्रापलीकडून येतो. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी १४० कोटी लोकांचा देश आमचा मका का घेत नाही, असा जाहीर सवाल केला. कुक्कुटपालक संघटनाही महाग मक्यावर उपाय म्हणून आयात खुली करण्याची मागणी करीत आल्या आहेत. त्यांची अडचण खोटी नाही. परंतु २०२१ सालचा प्रसंग सोयाबीन उत्पादकाच्या स्मरणात आहे. त्या वर्षी सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, तेव्हा ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करण्यास तातडीने परवानगी मिळाली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळला. भाव चढला की दिल्लीतील दारे एका महिन्यात उघडतात. २०२४ मध्ये भाव पडला, तेव्हा ओलाव्याचे तीन टक्के वाढवून मिळायला अर्धा हंगाम गेला.

करायचे काय, हे फार गूढ नाही. २०२४ च्या आरंभी नाफेड आणि ग्राहक सहकारी महासंघ यांच्यामार्फत हमीभावाने मका घेऊन तो आसवन्यांना देण्याची योजना केंद्रानेच जाहीर केली होती. ती ऐच्छिक न ठेवता सक्तीची करावी. जी आसवनी तेल कंपनीकडून ठरलेला भाव घेते, तिने मका हमीभावाने घेतल्याच्या पावत्या दाखविल्याशिवाय तिचे बिल चुकते होऊ नये. इथेनॉलचा भाव आणि मक्याचा भाव एकाच अधिसूचनेत, एकमेकांशी गुणोत्तराने बांधून यावेत. उसाच्या बाबतीत रंगराजन समितीने २०१२ मध्ये उत्पन्नाच्या वाटणीचे जे सूत्र सुचविले, तसे सूत्र मक्यालाही बसविता येते. चोथा परदेशी पाठविण्यास उत्तेजन द्यावे, म्हणजे पेंडीवरचा भार काही हलका होईल. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही; तेल कंपन्यांच्या निविदेत चार ओळी वाढविल्या तरी पुरे.

आणि ते वेळेवर व्हावे. इथेनॉलचे पुरवठा वर्ष नोव्हेंबरात सुरू होते, तर कुरुंद्याच्या शिवारात पेरणी होते मृगाच्या पावसावर, जूनमध्ये. सोयाबीन पेरावे की मका, हे त्या आठ दिवसांत ठरते. त्या आठ दिवसांत शेतकऱ्याच्या हाती फक्त मागल्या वर्षीच्या मोंढ्याची पट्टी असते. मक्याचा खरेदी भाव आसवनीवर बंधनकारक करणारी अधिसूचना निघायची असेल, तर ती मे महिना संपण्यापूर्वी निघाली पाहिजे.